हाताने जेवायला लागली की

सोलापूर, सोमवार, ११ मार्च १९७४

काल तुझं कार्य झालं. हजर: तुझे यजमान मल्लिनाथराव, त्यांची आई बाळव्वा, गावचे स्वामी, भावकीतली बरीच माणसं ज्यांची नावं मला माहीत नाहीत, आमचे हे, मी, आणि निली. निली माझ्या मांडीवर होती, मुठीत माझ्या पदराचं टोक धरून.

आधी हजेरी, मग बाकीचं. गिरणीच्या पाळणाघरातली सवय आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अक्का, माझ्या कार्यालाबी हजेरीच घेतलीस ना?" घेतली. तू निदान चिडवायला तरी असायला हवी होतीस.

कार्यात तुझ्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. गव्हाची हुग्गी चांगली झाली होती, त्या खिरीबद्दल बोलले. पाऊसपाण्याबद्दल बोलले. आणि खरं बोलणं झालं ते एकाच गोष्टीवर, निली आता कुठे राहणार. तिच्या बापाच्या घरी, अक्कलकोटच्या पुढे, की इथे सोलापुरात, माझ्याकडे. दीड वर्ष तू त्या पोरीला कडेवरून खाली ठेवली नाहीस, आणि ती कुणाच्या कडेवर द्यायची याबद्दल चार माणसांपुढे एक शब्द बोलून गेली नाहीस. म्हणून हे लिहायला बसले आहे, कस्तुरी. रडणं काल करून झालं.

तू कधी जन्मलीस, कितवीपर्यंत शिकलीस, हे इथे लिहीत नाही. ते सगळं मला पाठ आहे आणि तुला सांगायची गरज नाही.

आई गेली तेव्हा तू निलीएवढी होतीस आणि मी सातवीत. आप्पा पहिल्या पाळीला उजाडायच्या आत गिरणीत जायचे. चूल, पाणी, शाळा आणि तू, हे सगळं मला एका सकाळीत बसवायचं असायचं. मी तुला पाटावर बसवायची, पुढ्यात दुधात कुस्करलेल्या भाकरीची ताटली ठेवायची आणि म्हणायची, "खा." सुरुवातीला निम्मं पोटात, निम्मं फ्रॉकवर. मग जमलं. शेजारच्या बायका तुला बघायला यायच्या, एवढीशी पोर आपल्या हाताने जेवते म्हणून. मला त्या कौतुकाचा अभिमान होता आणि आजही आहे. माझी शाळा त्यामुळे चालू राहिली. नंतर बाहेरून परीक्षा दिल्या, गिरणीच्या पाळणाघरात लागले, त्याची मुख्य झाले, ते त्या पाटावरूनच.

तू मात्र ते माझ्या अंगावर फेकलंस. निली नुकती उष्टावली होती. मी तुझ्या सासरी आले होते आणि तू माझ्यादेखत भाकरीचा तुकडा आपल्या तोंडात चावून तिच्या तोंडात घातलास. मी म्हणाले, "कस्तुरी, हे घाणेरडं आहे. पाळणाघरात कुणी असं केलं तर मी त्या बाईला उभी करते."

"मग कर की उभी. बसून बसून माझे पाय बी अवघडलेत."

"थट्टा नको. वर्षाची झाली की तिच्या हातात तुकडा द्यायचा. दीड वर्षाची झाली की ताटली."

तू निलीचं तोंड पुसलंस. वर बघितलं नाहीस. "मला तू लई लवकर लावलंस हातानं जेवायला, अक्का. मला कुणी भरवलेलं आठवतच नाही."

"दोन वर्षांच्या पोरीला काय आठवणार?"

"तेच तर म्हणते की."

तेवढ्यात बाळव्वा आत आल्या आणि ते बोलणं तिथेच राहिलं. त्याला माझ्याकडे उत्तर होतं. तेरा-चौदा वर्षांची मुलगी किती घास भरवणार, आणि कधी, हे मी तुला मुद्द्यागणिक सांगणार होते. पुढच्या भेटीत सांगू म्हणाले, मग त्याच्या पुढच्या. आता सांगायला कुणी नाही. उत्तर मात्र आहे तसंच आहे, आणि चुकीचं नाही.

निली दुष्काळात जन्मली. पाणी पखालीने यायचं, रेशनला मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, मिळायचा आणि तुझ्या सासरची निम्मी माणसं खडी फोडायच्या कामावर होती. बाळंतपणाला तू माझ्याकडे आलीस तेव्हा मी खोलीत सगळी मांडामांड करून ठेवली होती. वेखंड, बाळगुटीचं सामान उगाळायच्या क्रमाने, लंगोटांच्या दोन चवडी, धुरीची शेगडी, टाळूवर घालायचं तेल. तू ते बघून दारातच हसलीस. "अक्का, हितं बाळाला यायला तारीख दिलीयस का?"

दर महिन्याला निलीचं वजन करायला तुला बोलवायची. पाळणाघरातला आमचा काटा बिघडलेला होता, म्हणून सूत तोलायच्या काट्याला झोळी बांधून तिला तोलायची. गिरणीतल्या वाइंडिंग खात्याच्या बायका गोळा व्हायच्या. तू सगळ्यांदेखत म्हणायचीस, "नीट बघा बायांनो, आमची अक्का पोरगी सुतात धरून विकायची." बायका हसायच्या. मीही हसायची, पण आकडा लिहून घ्यायची. निली नेहमी थोडी कमी भरायची. रांगायला उशिरा लागली, उभी राहायला उशिरा. मी सुताराकडून सागवानी पांगुळगाडा करून पाठवला. पुढच्या वेळी आले तर त्यावर तू कुरडया वाळत घातलेल्या.

"पोरगी सारखी कडेवर. मग पाय कधी टाकणार ती?"

"टाकील की. कडेवरून पळून कोण गेलंय आजवर?"

"माझ्याकडची बिगारणींची मुलं दहा महिन्यांत उभी राहतात."

"त्यांना उभं राहून शिट्टी ऐकायची असते ना तुझी." आणि मग आमच्या ह्यांच्याकडे वळून, "दाजी, खरं सांगा, पाळणाघरातली पोरं अक्काच्या शिट्टीवर शी करतात म्हणे."

हे म्हणाले, "मी पण करतो." त्यावर तू इतकी हसलीस की दम लागून भिंतीला टेकलीस, छातीवर हात ठेवून. मी म्हणाले, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा आहे, खजूर खात जा. लहानपणी तुझे सांधे धरायचे, ताप यायचा, ते मला आठवलं नाही. तूही आठवण करून दिली नाहीस. आणि तुला तेव्हा सगळं माहीत होतं, की नव्हतं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. दसऱ्यानंतर मात्र माहीत होतं. ते काल कळलं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात तू आलीस. निली कडेवर, खांद्याला पिशवी. आमच्या जिन्यात मध्येच थांबलीस. मी वरून ओरडले, "तिला खाली ठेव, चालू दे!" तू खरंच तिला खाली ठेवलीस. आणि ती चालली. माझं बोट धरून राहिलेल्या पायऱ्या चढली. मी मनात म्हणाले, शेवटी माझं ऐकलं.

वर आल्यावर तू पाणी प्यालीस, घाम पुसलास आणि म्हणालीस, "अक्का, हिचं दूध तोडायचंय. तितं राहून तुटत न्हाय. तुझ्याकडं ठेव आठ दिवस."

दीड वर्षाची होत आली तरी अंगावर पाजतेस, यावरून मी किती वेळा बोलले होते. घरोघर हेच करतात, मूल मावशीकडे नाहीतर आजोळी ठेवायचं, चार दिवस रडून विसरतं. त्यामुळे मला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. उलट वाटलं, आता कुठे शहाणपण आलं. मी लगेच पाळणाघरातली रजा टाकली. तू पिशवीतून तिचे कपडे काढलेस, तिची वाटी काढलीस, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं कोरफडीचं पान काढलंस. "हे बी असू दे. लागलं तर."

कोरफड आई आपल्या अंगाला लावते, पोराला कडू लागावं म्हणून. आई तिकडे, पोरगी इकडे, मग ते पान माझ्या काय कामाचं होतं? मी ते घेतलं आणि खिडकीत ठेवलं. मला तिथेच कळायला हवं होतं. खोटं बोलताना तू नेहमी एक वस्तू जास्तीची आणायचीस. लहानपणी दूध सांडलंस तेव्हा शेजारचं मांजर उचलून माझ्यापुढे आणून ठेवलं होतंस, पुरावा म्हणून. मांजराच्या मिशीला दुधाचा थेंबही नव्हता.

जाताना तू निलीकडे बघितलं नाहीस. मी ते बरोबरच समजले. दूध तोडताना आईने मागे वळायचं नसतं, हे मीच पाळणाघरातल्या बायकांना सांगते.

पहिल्या संध्याकाळची मी तयारी केली होती. रडेल म्हणून शेजारच्यांना सांगून ठेवलं होतं, खिडक्या लावल्या होत्या, गूळ घालून दूध कोमट करून ठेवलं होतं, ह्यांना देवळात पाठवलं होतं. निली रडली नाही. खोलीभर हिंडली, पितळी डबे वाजवून बघितले, आणि जेवायची वेळ झाली तशी स्वतः पाटावर जाऊन मांडी घालून बसली. मग दोन्ही हात तळवे वर करून माझ्यापुढे धरले.

मी पाळणाघरात मुलांचे हात असेच पुढे करायला लावते. जेवणाआधी रांगेत बसायचं, हात पुढे, आया तांब्याने पाणी घालते. मी थक्क झाले. नंतर तिने वाटीतलं शेवटचं दूध संपवून वाटी उपडी घातली, ती पण माझ्याच पाळणाघरातली रीत. शी आली तर कोपऱ्यातल्या भांड्याकडे बोट दाखवलं. मी ह्यांना म्हणाले, "बघा, एका दिवसात. नुसत्या मला बघून." दुसऱ्या दिवशी गल्लीत सांगितलं, पाळणाघरात जाऊन सांगून आले. आईच्या अंगावरची पोर, एकदाही मागितलं नाही. याला म्हणतात शिस्त.

मग मी तुला निरोप पाठवला. तुमच्या गावाकडे जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा होता. त्याला म्हणाले, सांगा म्हणावं, पोरगी मजेत आहे, आईची आठवण काढत नाही.

दोन दिवसांनी तोच कंडक्टर तुझा निरोप घेऊन आला. "बरं झालं म्हणाल्या. अजून थोडे दिवस राहू दे म्हणाल्या, हिकडं आली की परत धरील."

मी तो निरोप मोठ्या खुशीत पाठवला होता. त्याच्याकडे मला आता बघवत नाही. तू तो कुठे उभी राहून ऐकलास? बसून ऐकलास का? कंडक्टरला पाणी दिलंस का? त्याला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, "बाई चांगल्या हसल्या की. म्हणाल्या, आमच्या अक्काचं काम लई पक्कं असतं."

पुढच्या महिन्यात मल्लिनाथराव पाळणाघराच्या दारात आले. मुलांच्या जेवणाची वेळ होती. ते आत येईनात, चपला घालून तसेच उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मी म्हणाले, "निलीला न्यायला आलात? अजून चार दिवस राहू द्या." ते म्हणाले, "अक्का, तुमी चला." एवढंच. मी हातातली भातवाढी खाली ठेवली. जर्मनच्या ताटल्यांत निम्म्या मुलांना भात वाढून झाला होता, निम्म्यांना व्हायचा होता. ते मी कुणाला सांगितलं, कुणी पुढे वाढलं, मला आठवत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत असं पहिल्यांदा झालं.

आपल्यात पुरायच्या आधी बसवतात तसं तुला बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार, डाव्या तळहातावर लिंग. एका जागी तू कधी एवढा वेळ बसली नव्हतीस. निलीला मी शेजारी ठेवून गेले होते. बरं केलं की वाईट, ते मला सांगायला तू नाहीस.

आता कालचं.

जेवणं आटोपली, स्वामींना दक्षिणा झाली, आणि बायका-पुरुष पडवीत बसले. बाळव्वा खांबाला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, कुणीतरी विषय काढायचा, तर आपणच काढावा. मी म्हणाले, "अव्वा, निली माझ्याकडे रुळली आहे. दूध तोडायला म्हणून आली आणि एकदाही रडली नाही. तिला आणखी हलवू नये."

बाळव्वांनी माझ्याकडे बघितलं. "दूध? कसलं दूध?"

"अंगावरचं."

"ते तर दसऱ्यालाच तोडलं की, बाई. डाक्टरनं सांगितलं त्याच दिसापास्नं. अंगावर पाजायचं न्हाय, वजं उचलायचं न्हाय, जिना चढायचा न्हाय. झडप गेलीय म्हणाला काळजाची, ल्हानपणीच्या सांध्याच्या तापानं."

मला एवढंच सुचलं, "मला कुणी सांगितलं नाही."

"सांगू दिलं न्हाय तिनं. आमी म्हणालो, अक्काला कळीव. तर म्हणाली, अक्काला कळलं तर ती माझ्या मरणाची बी यादी करील, आन मला दवाखान्या-दवाखान्यातनं फिरवील. मग ह्या पोरीला शिकवायचं कुणी?"

"काय शिकवायचं?"

बाळव्वांना हसू आलं, त्याही दिवशी. "सारं तुमचंच की. हात फुडं कर, वाटी उपडी घाल, भांड्यावर बस. सारा दिस तेच चालायचं. मी म्हणायची, अगं काय शाळा मांडलीस? तर म्हणायची, अव्वा, अक्काच्या घरी जायचंय हिला, तितं असंच चालतं."

कस्तुरी, मी तुला तिथे, त्या पडवीत, माणसांदेखत मोठ्याने शिवी द्यायच्या बेतात होते. दीड वर्ष तू माझ्या एकेका नियमाला हसलीस. ह्यांच्यापुढे, वाइंडिंगच्या बायकांपुढे, माझ्या तोंडावर. आणि माझ्या माघारी बसून तेच नियम एक एक करून पोरीला घोटवलेस. ती माझ्या घरात परकी वाटू नये म्हणून. आणि मी गल्लीभर मिरवले की हे मी एका दिवसात केलं.

तू मला सांगितलं असतंस तर मी तुला मिरजेला नेलं असतं. पुण्याला नेलं असतं. हो, यादी केली असती. कुठल्या गाडीने जायचं, कुणाकडे उतरायचं, निली कुणाजवळ, हे सगळं लिहून काढलं असतं आणि तसंच्या तसं केलं असतं. तुला ते नको होतं. तुला माझी यादी फक्त पोरीसाठी हवी होती. मला चिडायचा हक्क आहे की नाही? आई पण अशीच गेली. मूल माझ्यापुढे ठेवायचं आणि निघून जायचं, मला विचारायचं नाही, ही आपल्या घरची रीतच दिसते. आई तरी अचानक गेली. तुला वेळ होता. दसऱ्यापासून गड्ड्यापर्यंत वेळ होता, आणि तू तो माझ्यापासून लपवण्यात घालवलास.

मी एवढं सगळं मनात म्हणत होते तेव्हा पडवीत बोलणं पुढे गेलं होतं. भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "पोरगी ह्या घरची हाय. ऱ्हायली तर हितंच."

मी म्हणाले, "तिच्या आईने ती माझ्याकडे दिली. एवढी सगळी तयारी करून दिली. आत्ताच ऐकलंत."

"दिली कुटं? दूध तोडायला धाडली. तुमीच म्हणालासा. कुणाम्होरं बोलली होती का ती, पोरगी अक्काला देते म्हणून? मल्लिनाथ, तुला?"

मल्लिनाथरावांनी मान हलवली. "मला काय बोलली न्हाय."

"अव्वा, तुमाला?"

बाळव्वांनी आधी माझ्या मांडीवरच्या निलीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "न्हाय."

बघ. एक शब्द. एका माणसापुढे. तेवढा बोलली असतीस तर काल माझ्या पायाखाली काहीतरी असतं. जास्तीची कोरफड आणायला तुला सुचलं, हे सुचलं नाही. का सुचलं होतं आणि बोलवलं नाही? बोललं की खरं होतं, असं वाटलं असेल. तुला विचारायच्या गोष्टींत ही एक आहे.

शेवटी निकाल बाळव्वांनी दिला. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे धरून सगळ्यांना दाखवले. हात कापत होते. "मला आता घास भरवायचं होत न्हाय. निम्मा खाली सांडतो. मल्लिनाथ शेतावर. घरात दुसरी बाई आली तर आली, तिचं काय सांगावं. पोरगी ऱ्हाऊ दे बाईकडं. आपल्या हातानं जेवाया लागली की न्हेतो आमी. आयतु." आयतु म्हणजे झालं, त्यावर पुन्हा बोलणं नाही. म्हातारे मान डोलवून उठले. मल्लिनाथराव मला म्हणाले, "अक्का, तुमी लई लवकर शिकवता. दिवाळीपतुर येईल की तिला." चांगल्या मनाने म्हणाले. त्या माणसाचा मला राग येत नाही, तेही एक अवघडच आहे.

तर सगळं शिकवून पाठवलेल्या पोरीला तू एक गोष्ट शिकवली नव्हतीस. हात पुढे करते, पण धुतले की मांडीवर ठेवते आणि तोंड उघडून बसते. मी पहिल्याच दिवशी हे पाहिलं होतं आणि म्हणाले होते, एवढं राहिलंय, ते महिन्यात होईल. माझ्या सगळ्या नियमांतला तू हा एकच गाळलास. तुला जमलं नाही? भरवणं सोडवलं नाही? की तुझ्या त्या "लई लवकर"चा हिशेब तू असा पुरा केलास, की अक्का, आता तू भरव, पोट भरेस्तोवर भरव? तुला बाळव्वांची अट माहीत असायचं कारण नव्हतं. अट काल झाली. तरी मला रात्रीच्या गाडीत सारखं वाटत होतं की तू खिडकीपाशी बसून हसतेयस.

तुझे आभार मानायचे होते. कुठे मानायचे ते समजत नाही. जिन्यात तिला खाली ठेवलीस त्याबद्दल, म्हणजे ती माझं बोट धरून वर आली त्याबद्दल. तुझा दम संपला होता म्हणून ठेवलीस, माझं ऐकून नव्हे, हे आता कळतं. तरी ती वर आली ती चालत आली. दुसरं, तिला माझं नाव शिकवलंस त्याबद्दल. पहिल्या दिवशीच ती मला "अक्का" म्हणाली. मावशी म्हणायला हवं, पण तू जे म्हणायचीस तेच तिने उचललं. आता घरात पुन्हा एक अक्का म्हणणारी आहे. ह्यांनी विचारलं, "सुधारायचं का?" मी म्हणाले, राहू दे.

आज सकाळी पाळणाघरात जायच्या आधी मी स्वयंपाकघरातल्या पाटीवर नेहमीसारखी कामं लिहिली. निलीसाठीची आज एवढी: देवीची लस टोचून घेणे. चपलेचं माप. केस उतरवणे, उन्हाळा आला. कोरफड बाहेर काढणे. ते पान खिडकीतच होतं, फडक्यासकट. सुकलं नव्हतं. ते फेकलं. लस टोचली, ती थोडी रडली. चपला घेतल्या, अंगठ्याला जागा ठेवून. न्हाव्याने केस उतरवले तेव्हा ती तुझ्यासारखी दिसायला लागली, कपाळावरून. त्याची मला कल्पना नव्हती.

संध्याकाळी तिला पाटावर बसवलं, हात धुतले. दुधात भाकरी कुस्करली. दुधाचं पातेलं उतू जाईल म्हणून मी चुलीकडे वळले, आणि परत बघते तर तिने वाटीत हात घातलेला. अख्खा पंजा. मूठभर भाकरी उचलली, निम्मी फ्रॉकवर सांडली, निम्मी तोंडात गेली. मग माझ्याकडे बघून खूश होऊन हसली, गालाला दूध, तुझं कपाळ.

पाळणाघरात असं झालं की मी टाळी वाजवते आणि सगळ्या मुलांना दाखवते. मी दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. मी तिच्याजवळ बसले, तिची मूठ उघडली, बोटं एक एक करून पुसली, हात मांडीवर ठेवला आणि वाटी माझ्याकडे ओढली. एक घास केला. तिने तोंड उघडलं.

पाटीवरची बाकीची कामं पुसली. खाली ती आली त्या दिवसापासूनचं एक राहिलं आहे, ते उद्याही राहील: निलीला हाताने जेवायला शिकवणे.